चार दोनदा, सहा तीनदा

रोवणीत खोकला लपत नाही. घरात लपतो, शाळेत लपतो; पण पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात दहा बाया एका रांगेत वाकून धानाच्या रोपांचं पऱ्हं रोवत मागे सरकत असल्या आणि मधलीच एक खोकायला थांबली, की तिच्यापुढची ओळ वाकडी होते आणि सगळ्या बांधीला कळतं. पौर्णिमा त्या सकाळी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा सत्यभामाने कंबर सरळ केली. सत्यभामा म्हणजे बायांच्या टोळीची पुढारीण. कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी रोवणी, हे तीच ठरवायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"अवं विमला, पोरीले कायतरी औषध दे ना. महिना झाला, खोकलूनच राह्यली."

"पावसात भिजली व. सर्दी हाये," विमलाबाई म्हणाली आणि हातातली जुडी जरा जोरातच चिखलात खोचली.

दुपारी सगळ्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसल्या. पाण्याचा लोटा एकच, एकीने तोंड लावून प्यायचं आणि दुसरीला द्यायचं, अशी या टोळीची रीत. पौर्णिमाने हात पुढे केला तर सत्यभामाने लोटा दिलाच नाही. "ओंजळ कर," म्हणाली आणि वरून धार धरली. सोळा वर्षांची पोरगी, तिने मुकाट्याने ओंजळ केली. नऊ बाया बघत होत्या. विमलाबाईने त्या दिवशी भाकर तशीच बांधून परत नेली.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या थुंकीत लाल धागा दिसला. मग मात्र बाप, महागू, थांबला नाही. बैल सोडले, शर्ट अंगात घातला आणि मायलेकींना घेऊन खैरलांजीच्या बसला उभा राहिला.

दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. टीबीच्या गोळ्यांचं काम कुशल नावाच्या मुलाकडे होतं. बालाघाटचा, नोकरदार घरातला, मराठी बोलता बोलता हिंदीत घुसणारा. त्याने पौर्णिमाच्या नावाचा पुठ्ठ्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"सहा महिने. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका वेळी सात गोळ्या, आणि बिल्कुल नागा नाही. डबा तुमच्या गावच्या आंगणवाडीत ठेवतो, तिथे जाऊन खायच्या."

विमलाबाईने हातच जोडले. "गावात नोको बाबू. तथी डबा गेला का घरोघरी होते. उद्या पोरीले कोन पसंत करंल?"

कुशलने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, बुढे लोक डरून गोळ्या खातात. ही पंधरा-सोळा सालची पोरं नाही खात. दो महिने में चेहरा भर गया, की डबा फेकला. म्हणून अशी बारा पोरं मी फोनवर धरून ठेवलीत. मोबाईल आहे का घरी?"

होता. महागूने दिवाळीत घेतला होता. त्याला त्यात गाणं लावता यायचं आणि बॅटरी पेटवता यायची. नवराबायको दोघांनाही अक्षरओळख नाही, आकडे तेवढे येत.

"मग माझी शर्त ऐका," कुशल म्हणाला. "गोळ्या हप्त्याच्या हप्त्याला मी देतो, रिकामी पाकिटं परत पाहिजेत. गोळीच्या दिवशी सकाळी माझा मेसेज येईल, 'गोळी घेतली?' पौर्णिमाने फक्त 'हो' लिहायचं. 'हो' नाही आलं, तर संध्याकाळी माझी गाडी तुमच्या आंगणात."

ती गाडी आंगणात येण्याच्या भीतीनेच विमलाबाईने मान हलवली.

गावात नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं, तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली. पहिल्या आठवड्यात पौर्णिमा गोळ्या गिळून पाळीवर जायची, 'हो' पाठवायची आणि शाळेची वाट धरायची. शुक्रवारी मात्र ती रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन बसली आणि दारातच भडभडून ओकली.

आता इथे विमलाबाईने जे केलं, त्याला काय म्हणावं? पोरगी बरी व्हावी म्हणून तिने महादेवाला सोळा सोमवार बोलले होते. बोलले आईने, पण करायचे पोरीने, कारण दुखणं पोरीचं. दिवसभर निरंकार, पूजा झाल्यावर रात्री जेवण. आणि गोळीचा दिवस नेमका सोमवार.

"उपाशी पोटी गोळी खाल्ली का वकते," विमलाबाईने पोरीला सांगितलं, "आन् वकली का उपास मोडते. सोमवारच्या गोळ्या ठेवून देऊ."

"ठेवून देऊ म्हंजे?"

"फेकाले कोन सांगते? सोळा सोमवार झाले का मांगून त्या सोळा खुराका लागोपाठ घेऊन घेजो. गिनती तं बराबर होते ना?"

"आन् मेसेजचं काय करू?"

"लिहून टाक हौ. देवाच्या कामात तेवढं खपते."

काटकसरीच्या बाईचं डोकं हे. शिळी भाकर ती कधी फेकत नाही, तर गोळी कशी फेकेल? सोमवारच्या सोमवारी ती पाकीट फोडून सातही गोळ्या हळदीच्या डबीत टाकायची आणि डबी देवापाशी ठेवायची. रिकामी पाकिटं इमानदारीने दवाखान्यात जायची. सोमवारचा 'हो'ही वेळेवर जायचा.

दोन महिन्यांनी थुंकी परत तपासली. धान तेव्हा गुडघ्याच्या वर आलं होतं आणि विमलाबाई अगदी खुशीत खैरलांजीला आली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. जंतू तसेच होते. वजन चौतीसवरून बत्तीसवर आलं होतं.

"औषध लागू नाही पडत," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या जातीचा टीबी असेल तर बालाघाटला पाठवावं लागेल. मग सुया, आणि दोन-दोन साल इलाज. त्यातही खात्री नाही."

कुशलने आपला फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "सर, एक भी नागा नहीं. बघा ना, सगळे 'हो' आहेत. बाकी पोरांना मी दहा वेळा फोन करतो, हिला एकदाही करावा लागला नाही. लड़की ईमानदार है सर, याची गॅरंटी मी देतो."

पौर्णिमा जमिनीकडे बघत होती. तिची मान खाली गेली ती वर येईना. विमलाबाईला वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. परक्याचं पोर आपल्या लेकीसाठी जामीन राहतं आणि आपण सख्खी माय!

"बाबू," ती म्हणाली, "सोमवारचे हौ खोटे हायेत."

"क्या?"

"पोरीची गलती नाही. म्या लिहाले लावले." आणि मग तिने सगळं सांगितलं, डबीसकट.

कुशल उठून खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. "मावशी, पोरीला तुम्ही उपास धरायला लावला. पण तिच्या छातीतला जंतू? त्याने धरला का सोमवार? पोरगी उपाशी आणि तो दर सोमवारी पोटभर जेवत बसला! त्याला ताकद कोणी दिली?"

विमलाबाई रडायला लागली. डॉक्टरांनी हात वर करून कुशलला थांबवलं. त्यांचा चेहरा मात्र जरासा मोकळा झाला होता. "अरे, ही तर चांगली खबर आहे. औषध लागू पडत नाही असं नाही, ते पुरतं पोटातच गेलं नाही. सात गोळ्या आणखी महिनाभर चालू ठेवू. पण आता एक जरी खुराक चुकली, तर मी काही बोलू शकत नाही."

"दिन बदल देते हैं," कुशल म्हणाला. "मंगळ, गुरू, शनी. सोमवार ठेवा महादेवाला. पण उपास पोरीचा बंद. बत्तीस किलोत कसला उपास?"

"बोललेलं अर्ध्यात सोडता येत नाही बाबू," विमलाबाई डोळे पुसत म्हणाली. रडत होती, पण त्या बाबतीत हलायला तयार नव्हती.

दाराशी बाकावर गमछा मांडीवर घेऊन महागू बसला होता. दोन महिन्यांत तो दवाखान्यात एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "आठ झाले. राह्यले आठ मी करतो."

"तुमी? तुमाले दोन घंटे भूक निघत नाही."

"निघंल. बाप हाय मी तिचा. महादेव काही म्हननार नाही."

म्हणाला खरा; पण आठ सोमवार त्या माणसाने जे हाल काढले! संध्याकाळी चूल पेटली की तो उगाच आंगणातून तीन फेऱ्या मारायचा, "भात शिजला का?" विचारायचा आणि स्वतःच शरमून परत जायचा. पण एकही सोमवार त्याने मोडला नाही.

निघताना कुशलने आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. "आता 'हो' पौर्णिमा नाही पाठवणार. मावशी, तुम्ही पाठवायचं. गोळी गळ्याखाली उतरलेली डोळ्यांनी पाहायची, मग पाठवायचं."

"मले कुठी लिहिता येते?"

"आकडे येतात ना? चारची कळ दोनदा, सहाची कळ तीनदा. हो गया 'हो'."

पौर्णिमाने चार संध्याकाळी शिकवलं. मेसेज आला की कोणती कळ दाबायची, उत्तर कुठे लिहायचं, शेवटी पाठवायचं कसं. विमलाबाईचा अंगठा विळ्याने चिरून चिरून जाड झालेला, एकदम दोन कळा दाबायचा. इंग्रजी अक्षरं ती. तिने त्यांना आपली नावं दिली. पहिलं अक्षर म्हणजे दोन खुंट आणि मधात आडवी काडी. दुसरं म्हणजे बांगडी. खुंट-काडी आणि बांगडी दिसली की झालं.

पहिल्या मंगळवारी पोरीने गोळ्या गिळल्या, विमलाबाईने तिला तोंड उघडायला लावून जीभ वर-खाली पाहिली आणि ती फोन घेऊन पाळीवर गेली. गेला की नाही गेला, काही कळेना, म्हणून तिने चार वेळा पाठवला. लगेच फोन वाजला.

"मावशी! चार वेळा गोळ्या दिल्या का?" कुशल ओरडला.

"नाही व माय! एकच खेप दिली! मले वाटलं..."

पलीकडून तो इतका हसला की विमलाबाईलाही कित्येक महिन्यांनी हसू फुटलं.

पण हप्त्यातून तीनदा एखादी बाई सकाळी सकाळी हातात मोबाईल घेऊन तलावाच्या पाळीवर जाते, हे गावात कोणाच्या नजरेतून सुटतं? कापणीच्या दिवसांत सत्यभामाने बांधीतच विचारलं, "काहून व विमला, कोनाले फोन लावून राह्यली मोहाखाली?"

विमलाबाईने विळा थांबवला. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. "पोरीले टीबी हाये," ती म्हणाली. "इलाज चालू हाये. मी दवाखान्यात हौ पाठवून राह्यली."

सगळ्यांचे विळे थांबले. पहिली हलली ती सत्यभामा; परत कापायला वाकली.

ऑक्टोबरच्या शेवटी थुंकी साफ आली. वजन सदतीस झालं. गोळ्या सातच्या तीन झाल्या आणि पुढचे चार महिने तेवढ्याच राहणार होत्या. पौर्णिमाचे गाल भरले, वेणी जाड झाली. आणि कुशल म्हणाला होता तेच झालं.

एका शनिवारी ती शाळेतून आली ती दप्तर भिरकावूनच. गावातलीच एक पोरगी तिच्या बाकावरून उठून दुसरीकडे जाऊन बसली होती, सगळ्या वर्गासमोर. सकाळी घाईत गोळ्या राहिल्या होत्या, त्या विमलाबाईने पुढे केल्या.

"मी नाही खात!" पौर्णिमा ओरडली. "तूच सांगत फिरली गावभर! थुंकी साफ आली ना? आता काय झालं मले? या गोळ्यायनं लाल लाल मुतू कवाधरक? मी अभी बरी हाओ!"

"पोरी, एक खुराक..."

"मंग दाब ना चार आन् सहा! पह्यले नव्हती का दाबाले लावत?"

विमलाबाईला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पोरगी खरंच बोलली होती. ती गोळ्या आणि फोन घेऊन उठली आणि पाळीवर मोहाखाली जाऊन बसली. समोरच्या खळ्यात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती, महागू बैल हाकत होता, सत्यभामाची टोळी पेंढ्या सोडत होती. फोन वाजला. कुशलचा मेसेज. तिने उत्तर दिलं नाही. परत वाजला. नुसतं चार दोनदा आणि सहा तीनदा दाबायचं होतं, कोणी बघायला येणार नव्हतं. तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

"घरी चाल," महागू खालून म्हणाला. "जेवली नाही तू."

"पोरगी गोळी खाईल तवा मी हौ पाठवीन. आन् हौ पाठवीन तवा जेवीन. खोटा हौ मी आता मेली तरी दाबनार नाही."

आवाज सगळ्या खळ्याने ऐकला. दिवस कलला. बैल सुटले, बायांनी पाट्या उचलल्या. पण गेली एकही नाही. शेवटी घराकडून पौर्णिमा येताना दिसली, पाय ओढत, डोळे सुजलेले. पाळीवर चढली आणि तिने आईपुढे हात पसरला. "दे."

विमलाबाईने तीन गोळ्या तळहातावर ठेवल्या. मग दोघींच्याही लक्षात आलं, पाणीच आणलं नव्हतं. पौर्णिमा तलावाकडे वळली, ओंजळीने प्यायला.

"थांब व," सत्यभामा खालून चढत आली. धापा टाकत होती. तिने आपला लोटा पोरीच्या हातात दिला. "तोंड लावून पी."

पौर्णिमा बघतच राहिली. मग तिने लोट्याला तोंड लावलं आणि तिन्ही गोळ्या गिळल्या. सत्यभामाने लोटा परत घेतला, नऊ बायांच्या देखत उरलेलं पाणी त्याच काठावरून घटाघटा पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं. "उद्या टोळीत चुराले येजो. सुट्टीच हाये तुले," म्हणाली आणि तशीच खाली उतरली. विमलाबाईने चार दोनदा दाबलं, सहा तीनदा दाबलं. डोळ्यांतल्या पाण्याने पडदा दिसत नव्हता, अंगठ्याच्या सवयीनेच दाबलं.

त्यानंतर एकही नागा नाही. माघाची थंडी गेली, पौर्णिमाने कंदिलापाशी दहावीचा अभ्यास केला, वजन बेचाळीस झालं आणि मार्च लागता लागता डब्यातली शेवटची गोळी संपली. थुंकी द्यायला सगळे खैरलांजीला गेले.

"कल रिपोर्ट येईल," कुशल म्हणाला. "मेसेज टाकतो."

"उद्या पोरीचा पेपर हाये, तिचा बाप तिच्या संगं. फोनपाशी मी एकटी राहीन," विमलाबाई म्हणाली. फाटकापर्यंत जाऊन ती परत फिरली. "बाबू, एवढंच सांग. सुटली का माही पोरगी?"

"उद्या कळेल मावशी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच महागू पौर्णिमाला सायकलवर बसवून परीक्षेला घेऊन गेला. विमलाबाई टोपली घेऊन पाळीवर आली. मोहफुलांचा सडा पडला होता, सगळी टोळी वेचायला आलेली. तिने फोन झाडाच्या खोबणीत ठेवला आणि वेचायला बसली, पण दर चार फुलांनी नजर खोबणीकडे. ऊन चढलं. फुलं पडायची थांबली. बाया टोपल्या भरून बसल्या आणि सत्यभामा भरलेली टोपली परत परत नीट करत होती.

फोन वाजला.

विमलाबाईने तो दोन्ही हातांनी उचलला. काय लिहिलं असेल? लांबलचक असेल, आणि वाचायला पोरगी संध्याकाळी येणार. तोवर जीव राहील का? तिने कळ दाबली.

पडद्यावर दोनच अक्षरं होती. दोन खुंट आणि मधात आडवी काडी. मग बांगडी.

आधी तिला वाटलं, आपलंच जुनं उत्तर आहे. मग वाटलं, कुशलने चुकून पाठवलं. आणि मग तिला फाटकापाशी आपण काय विचारलं होतं ते आठवलं. तिने विचारलं होतं, आणि त्या पोराने तिला वाचता येईल असंच उत्तर दिलं होतं.

"सत्यभामा!" ती ओरडली. तलावाच्या पलीकडची ढोरं माना वर करून बघायला लागली. "अवं, मले वाचता आलं! सुटली व माही पोरगी! हौ लिहिलं त्यानं, हौ!"

बाया धावत आल्या, टोपल्या कलंडल्या, मोहफुलं पाळीवरून घरंगळत खाली गेली. कोणी तिला मिठी मारली, कोणी फोन ओढून त्या दोन अक्षरांकडे डोळे फाडून बघत बसलं. सत्यभामा डोळे पुसत उगाच फुलांवरून सगळ्यांना शिव्या देत होती. विमलाबाईने फोन परत घेतला, झाडाला पाठ टेकून बसली, चार दोनदा दाबलं, सहा तीनदा दाबलं आणि या खेपेला कोणी विचारलं नव्हतं तरी पाठवून दिलं.